जोडीतलं यंत्र

मागच्या आठवड्यात नाशिकला एका दुकानात लॅपटॉप बघायला गेलो होतो. विक्रेत्या मुलाने दोन पुढे केले. एक चंदेरी, इतका पातळ की वहीत ठेवला तर विसरून जाल. दुसरा जरा जाड, मळकट राखाडी. त्याचा प्रत्येक भाग म्हणे सुटा होतो, बदलता येतो. मात्र तो दुकानात फक्त दाखवायला ठेवलेला. हवा असेल तर मागवावा लागणार.

मी पातळ लॅपटॉप हातात घेतला, पालथा केला आणि अंगठ्याने त्याच्या कडा चाचपू लागलो.

"सर, काय शोधताय?"

"दात," मी म्हणालो.

तो हसला नाही. गिऱ्हाईक विक्षिप्त असलं तरी हसायचं नाही, असं त्याला शिकवलेलं असावं. त्याला काय सांगणार, की हा विक्षिप्तपणा माझा नाही, शहाद्याच्या आबांचा आहे आणि तो मला सवयीने लागलाय.

मी शहाद्याला कॉलेजात तासिका तत्त्वावर भूगोल शिकवत होतो, तेव्हा आबा माझे घरमालक. खाली आबा आणि त्यांची बायको, जिजी. वर मी. आबांची केळी आणि कापूस ब्राह्मणपुरीच्या शिवारात. रोज सकाळी मोटरसायकलवरून तिकडे जायचे आणि ऊन चढलं की परत यायचे. सहा फूट उंची, पांढरी टोपी, आणि सदऱ्याच्या खिशात पेनाच्या जागी छोटा स्क्रूड्रायव्हर. ते लग्नालाही तसेच जात. जिजी तो काढून ठेवायची आणि ते निघता निघता परत घालायचे.

तालुक्यात आबांचं नाव होतं ते बैलांची जोडी जमवण्यात. कोणाला एक बैल असला आणि दुसरा घ्यायचा असला की बाजारात आबांना सोबत न्यायचे. आबा बैलाभोवती एक फेरी मारणार, जबडा उघडून दात बघणार, चालवून बघणार आणि मग नुसतंच "जमस" किंवा "जमत नही" म्हणणार. दोन चांगले बैल म्हणजे जोडी नव्हे, हे त्यांचं मत. एकाची चाल दुसऱ्याच्या खांद्याला पेलली पाहिजे. शिवाय ज्यांच्याकडे एकेकच बैल, अशा दोन घरांचे बैल एकत्र जुंपायची व्यवस्थाही तेच लावून द्यायचे. आमच्या सांगलीकडे त्याला सावड म्हणतात. तिथे काय म्हणतात ते विचारायचं राहून गेलं.

मग ट्रॅक्टर आले. आबांना बोलावणारी माणसं कमी झाली आणि शेवटी त्यांनी स्वतःची जोडीही विकली. जिजी सांगायची, नंतर कितीतरी दिवस ते सकाळी उठून रिकाम्या गोठ्यात जाऊन उभे राहायचे.

त्यातून त्यांना बाहेर काढलं ते सुरतेच्या पुतण्याने. त्याच्या ऑफिसने जुने लॅपटॉप काढून टाकले होते. जाड, काळे, वीट उचलावी तसे जड. त्यातला एक त्याने काकाला आणून दिला, केळीचे भाव बघायला. आबांनी त्यावर भाव बघितलाच नाही. त्याच दुपारी ओट्यावर चादर पसरून त्यांनी तो उघडला. मागचे स्क्रू काढले, झाकण बाजूला केलं आणि बघतात तर आत सगळं आपापल्या जागी बसलेलं. बॅटरी निघते, पंखा निघतो, कीबोर्ड निघतो आणि परत लावला की जातो तिथेच. संध्याकाळी त्यांनी पुतण्याला फोन केला.

"एकटा बैल काय कामना? असाच आखो तीन धाड."

पुतण्याने खरंच आणखी तीन धाडले, अगदी त्याच बनावटीचे. एक कळसाडीच्या, नात्यातल्या मुलीला दिला. ती माझ्याच वर्गात होती आणि सरकारी परीक्षांचा अभ्यास करायची. एक बसस्टँडजवळच्या फोटोग्राफरला. एक आबांनी जपून ठेवला, आणि स्वतःचा ओसरीवर. तीन घरं, चार यंत्रं, आणि आबांचा एकच कायदा: काही बिघडलं तर बाजारात जायचं नाही, आधी ओसरीवर यायचं. हिचा पंखा तिकडे, त्याची चिप इकडे. लोक लॅपटॉप वापरतात, आबा लॅपटॉप जुंपायचे.

जिजीला हे सगळं अजिबात मान्य नव्हतं. "बैल गयात तव्हय मी म्हनं सुटनू," ती मला सांगायची. "मंग ह्या खोका उनात. बैल निदान शेन तरी देयेत."

मी आलो तो माझा स्वतःचा लॅपटॉप घेऊन. पहिल्या नोकरीत घेतलेला, चंदेरी, पातळ, जरा मिरवण्यासारखा. आबांनी तो दोन्ही हातांत घेतला, उलटापालटा केला, कडेवरून नख फिरवलं. कुठेही स्क्रू नाही, फट नाही, सगळं चिकटवलेलं.

"याले तोंडच नही, सर. मी दात कोठे देखू याना?"

"आबा, हा उघडायची गरजच पडत नाही."

"देखाले भलता रूपवान शे," ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता, रूपाची त्यांना कदर होती. "पन हाऊ पाहुना शे. पाहुनाले कोनी उघाडीसन देखस का? तो उना, बसना, एक दिन उठीसन चालना जाई. जी वस्तू उघाडता येस नही ती आपली नही, सर. आपुन तिना व्हई जातस."

त्या दिवसापासून माझ्या लॅपटॉपचं नाव पाहुणा पडलं. आबा गावाहून आले की विचारायचे, पाहुणा बरा आहे ना. आणि पाहुणा बराच होता, हे मला सांगितलं पाहिजे. तो हलका होता, तापायचा नाही, चार्जिंग दिवसभर पुरायचं. कापूस वेचणीच्या दिवसांत शहाद्याच्या हवेतच तूस असतं. आबांच्या यंत्रांचे पंखे त्या तुसाने चोंदून घरघरायचे, आणि माझा पाहुणा टेबलावर शांत. मला त्याचा अभिमान वाटायचा.

आबांनी एकदा हार मानली ती मुंग्यांपायी. त्यांच्या जोडकामाचा एक अलिखित नियम होता. वस्तू स्टीलच्या डब्यातून जायची, एसटीने, ओळखीच्या कोणाच्या तरी हाती. आणि शेजारधर्माप्रमाणे डबा कधी रिकामा परत येत नसे. कळसाडीहून एकदा अशीच एक चिप परत आली, कागदात गुंडाळलेली, आणि खाली मुलीच्या आईने प्रेमाने भरलेले गुळाचे लाडू. आबांनी चिप धोतराला पुसली आणि यंत्रात बसवली. दोन दिवसांनी कीबोर्डमधून मुंग्या निघाल्या, रांगेने, ओटा ओलांडून आल्यासारख्या. झाकण उघडलं तर आत वसाहत. पिल्लांसकट.

मुलगी धावत आली, रडकुंडीला. "मायनी सांगं, रिकामा डबा धाडाना नही, म्हनीसन..."

"मुंगीस्ना काय गुन्हा?" आबा म्हणाले. "त्यासले तठे गोड लागनं." मग माझ्याकडे वळून, अगदी गंभीरपणे, "आठे तुमना पाहुना जितना, सर. याना पोटमा मुंगी जावाव नही."

नंतर ते सबंध दुपार सायकलच्या पंपाने एकेक मुंगी हलकेच बाहेर फुंकत बसले. मारायची एकही नाही. लाडू मात्र आम्ही सगळ्यांनी खाल्ले. आणि डबा परत जाताना जिजीने त्यात शेव भरली, ती कुरकुरत का होईना.

पोळ्याचा दिवस हा त्या चार यंत्रांचा सण. गोठा रिकामा होता, पण आबांनी पोळा सोडला नव्हता. मातीची बैलजोडी पाटावर मांडायची, आणि तिच्या शेजारी चारही काळी यंत्रं झाकण उघडून उभी करायची. आदल्या दिवशी ती सगळी ओट्यावर यायची. तूस काढणं, पंख्याला तेलाचा थेंब, स्क्रू आवळणं, ही त्यांची आंघोळ. सकाळी बिजागरीला हळदकुंकू. जिजी खापरावरच्या पुरणपोळ्या करायची आणि नैवेद्याचं ताट आणून म्हणायची, "खा रे बाबासहो, घास तरी मोडा." पहिल्या वर्षी मी माझा चंदेरी लॅपटॉप पण नेऊन ठेवला. आबांनी त्याला कुंकू लावलं, पण पाटावर नाही, वेगळ्या स्टुलावर बसवून. पाहुण्याला घरच्यांच्या पंगतीत नाही, आधी वाढायचं असतं, असं त्यांनी मला समजावलं. मी खोटं का बोलू, मला जरासं लागलं होतं.

चार वर्षं पाहुण्याने एक शब्द न काढता काम केलं. पाचव्या उन्हाळ्यात, मे महिन्यात, तो टेबलावर सपाट बसेना. तव्यावरची भाकरी फुगते तशी त्याची पाठ फुगली होती. धुळ्याच्या दुकानदाराने सांगितलं, बॅटरी फुगलीय, पण ती एकटी निघत नाही. खालचं सगळं अंग बदलावं लागेल आणि ते अंग आता कंपनी बनवत नाही. माझा प्रबंध त्यात अर्धा झाला होता. नशीब, त्याची प्रत मी पेनड्राइव्हवर काढली होती.

मला वाटलं होतं, आबा आता मला सोडणार नाहीत. पण त्यांनी पाहुण्याला त्याच स्टुलावर ठेवलं, वर स्वच्छ रुमाल घातला आणि आत जाऊन जपून ठेवलेलं चौथं काळं यंत्र आणलं. "आते तुमी घरना व्हयनात," एवढंच म्हणाले. ते यंत्र मांडीवर घेतलं की पाय बधिर व्हायचे. पण माझा प्रबंध त्यावरच पुरा झाला.

आबा स्वतः त्यांच्या यंत्रावर काय करायचे, तर पत्ते खेळायचे. एकट्याने खेळायचा तो खेळ, बादशहाखाली राणी, राणीखाली गुलाम. रोज जेवण झाल्यावर ओसरीवर बसून, मान एका बाजूला वाकडी करून. बहुतेक वेळा हरायचे. त्यांच्या पडद्यावर वरपासून खालपर्यंत एक चीर होती, तिच्या कडेचा भाग काळा पडलेला. आम्ही समजायचो, त्यांच्याच हातून पडला असेल. मी एकदा म्हटलं, आबा, तुम्ही दोन ओळी लिहायला शिका, मी शिकवतो. तर म्हणाले, "पत्ता बरा शेत, सर." मला वाटलं, म्हाताऱ्याला कंटाळा आहे.

मधे माझ्या कीबोर्डवर चहा सांडला. म, र आणि त उमटेनात. मराठीत प्रबंध लिहिणाऱ्या माणसाचं म, र, त गेल्यावर राहतं काय. आबांनी यंत्र खाली नेलं आणि सकाळी परत दिलं, नवा कोरा असावा तसा कीबोर्ड बसवून. कुठून मिळाला म्हणून विचारलं तर म्हणाले, "मियी गया कोठे तरी." मुलीचा पडदा एसटीच्या गर्दीत तडकला, तेव्हा तिलाही असाच चांगला पडदा मिळाला. तिला सांगितलं, सुरतेहून आला.

आबा गेले ते त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात. दुपारी शेतातून आले, माठातलं पाणी प्यायले, बाजेवर आडवे झाले आणि उठले नाहीत. जिजी आत कणीक मळत होती. मी कॉलेजातून आलो तेव्हा ओसरी माणसांनी भरली होती आणि कोणीतरी त्यांच्या खिशातला स्क्रूड्रायव्हर काढून खिडकीत ठेवला होता.

उत्तरकार्य झाल्यावर जिजीने आम्हा तिघांना बोलावलं, मला, मुलीला आणि फोटोग्राफरला. ती रडत नव्हती. तिच्या मनात एक गोष्ट पक्की होती.

"त्यासना यंत्रमाधलं चांगलं चांगलं तुमनाकडे गयं," ती म्हणाली. "बॅटरी याले दिधी, पडदा हाई पोरले, आन ते टाइपिंगनं तुले. तुमनं बिघडेल त्यासनी सोताले लाई लिधं. मी कितीदाव बोलनू, त्या आयकेत नही. आते त्यासनं यंत्र त्यासनासारखं करी दे, भाऊ. सगयं घर येऊ दे. माले ते साबूत ठेवानं शे."

फोटोग्राफरची लग्नसराई ऐन भरात होती. मुलीची परीक्षा आठवड्यावर आली होती आणि ती रोज पडद्यावर सरावाच्या प्रश्नपत्रिका सोडवत होती. माझा शेवटचा मसुदा मार्गदर्शकांनी दुरुस्त्या करून परत पाठवला होता. मी मुलीकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ती लगेच म्हणाली, "घ्या जिजी. मी मोबाईलवर वाची लिसू."

दुसऱ्या दिवशी दुपारी ओट्यावर तीच चादर पसरली. मी खिडकीतला स्क्रूड्रायव्हर घेतला आणि पहिल्यांदाच आबांचं यंत्र उघडलं. कीबोर्ड सुटला, आणि त्याच्या पोटाला माझ्या चहाचा डाग दिसला. म च्या खाली, वाळून तपकिरी झालेला.

आबा पत्तेच का खेळायचे, ते मला तेव्हा कळलं. पत्त्यांना अक्षरं लागत नाहीत. मी त्यांना लिहायला शिकवायला निघालो होतो, आणि त्यांची अक्षरं माझ्याकडे होती. मला पुढचे स्क्रू नीट दिसेनात. फोटोग्राफरने माझ्या हातातून स्क्रूड्रायव्हर घेतला आणि काम पुढे चालवलं.

ज्याचं त्याच्याकडे गेलं. आबांचा पडदा आबांकडे, बॅटरी आबांकडे, कीबोर्ड आबांकडे. आमच्या तिघांची यंत्रं लंगडी होऊन बाजूला बसली. फोटोग्राफरने बटण दाबलं. पडदा लख्ख उजळला, पत्त्यांचा डाव उघडला, लाल बदाम अगदी ओले वाटावेत असे. जिजीने आयुष्यात त्या यंत्राला हात लावला नव्हता. ती पदराला हात पुसून समोर बसली आणि कितीतरी वेळ नुसती बघत राहिली. मग पडद्याच्या मधोमध बोट ठेवलं.

"ती चीर कोठे गई?"

"जिजी, ती हिच्या पडद्याची होती. आता हा आबांचा खरा पडदा आहे," मी म्हणालो.

"नही," ती म्हणाली. "हाई त्यासनं नही दिखत, भाऊ. त्यासना बादशा त्या चीरमांगे लपी जाये. मंग त्या मान वाकडी करीसन देखेत. रोज देखेत." तिने स्वतःची मान तशीच वाकडी करून दाखवली. मग पहिल्यांदाच तिचा आवाज फुटला. "आठे मान वाकडी कराले जागाच नही."

मुलगी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. जरा वेळाने जिजीने डोळे पुसले आणि नेहमीच्या, कामाला लावायच्या आवाजात म्हणाली, "जसं व्हतं तसंच करी दे. ती चीर माले दे. आन हाई पोरना पडदा पोरले लाई दे, तिनी परीक्षा शे."

सगळं पुन्हा उघडलं, पुन्हा बसवलं. संध्याकाळी आम्ही निघालो तेव्हा तिने आत जाऊन तीन स्टीलचे डबे आणले. दुखवट्याच्या घरात गोडधोड कुठलं, तिने केळीचे वेफर्स भरले होते. मुलीला म्हणाली, डब्यात पडदा ठेवू नको, मुंग्या लागतील. आणि आम्ही चौघंही हसलो, त्या ओसरीवर, त्या दिवसांत.

मुलगी परीक्षा पास झाली. आता धुळ्याला सरकारी कार्यालयात आहे आणि तिथे तिला पातळ, बंद लॅपटॉप मिळालाय. फोटोग्राफर सगळं काम फोनवर करतो. मला नाशिकला कायमची नोकरी लागली. शहाद्याला जातो, पण वर्षातून एखाद्या वेळी. माझं काळं यंत्र गेल्या हिवाळ्यात पार थकलं, आणि आबांचं, जिजीने सांगितलं, तिच्याकडून पावसाळ्यात बंद पडलं. ती रोज पत्ते खेळायला लागली होती, मान वाकडी करून. आबांपेक्षा जास्त वेळा जिंकायची, हे तिने मला फोनवर मुद्दाम सांगितलं होतं.

तर नाशिकच्या त्या दुकानात, दोन्ही लॅपटॉप समोर ठेवून मी उभा होतो. पातळाकडे माझा ओढा होता, ते कबूल करायला हरकत नाही. मी नाशिकमध्ये एकटा राहतो. सुटा होणारा घेऊन करू काय, माझ्या ओळखीत कोणाकडेच तसला नाही. त्याचा पंखा काढून कोणाला देणार, आणि माझा बिघडला तर कोणाच्या ओसरीवर जाणार. मी जिजीला फोन लावला. दोन्हींची माहिती दिली, हा रूपवान आहे, तो उघडतो, कोणता घेऊ.

तिने रूपाबद्दल काही विचारलं नाही. "जोडीले कोन शे?" तिने विचारलं.

"कोणी नाही, जिजी."

पलीकडे कुकरची शिट्टी ऐकू आली.

"मंग एक कसाले लेस?" ती म्हणाली. "दोन ले. एक मन्हा."

मी फोन ठेवला आणि त्या मुलाला म्हणालो, राखाडी मागवा, दोन, एक माझा आणि एक जिजीचा. तो लिहून घेऊ लागला. आणखी काही, सर, म्हणाला.

पोळ्याच्या आत येतील का, एवढंच मी विचारलं.